सातारच्या चढउतारावर वडीलधाऱ्यांची वाट कशी पारखावी

शहरातल्या वृद्धांचे जगणे कितपत सुखाचे आहे, हे ठरवताना आपण निवृत्तिवेतन, औषधपाणी आणि मुलांचे लक्ष एवढेच मोजतो. त्या गोष्टी लागतातच. पण कोणाची सोबत न शोधता घराबाहेर पडून चार माणसांत मिसळता येते का, यावर बरेच अवलंबून असते, आणि पेन्शनरांचे गाव म्हणवणाऱ्या साताऱ्यात, जिथे जुन्या वस्तीचा बराच भाग अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर आहे, तिथे हा प्रश्न सरळ पायांवर येतो.

प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांची चाल पाहावी. नेहमीच्या चपला घालून, काठी लागत असल्यास ती घेऊन, त्यांनी खुर्चीतून उठावे, 3 मीटर चालावे, वळून परत येऊन बसावे. याला 12 सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. ही चाचणी घेताना शेजारी उभे राहावे.

मग राजवाडा, मंडई, बँक अशा त्यांच्या रोजच्या ठिकाणापर्यंत त्यांच्याच चालीने बरोबर जावे. हात देण्याची घाई करू नये. ते कुठे थबकतात, कुठे भिंतीचा आधार घेतात, फुटपाथवरच्या मोटरसायकलींमुळे कुठे रस्त्यावर उतरतात, हे टिपून ठेवावे. चढाला धाप लागते तसे उताराला गुडघे बोलतात, म्हणून जे अधिक जड जाते त्या बाजूला रिक्षा ठरवावी. वाटेतल्या ओळखीच्या दुकानदाराला एक स्टूल ठेवायला सांगितले, तर तो बहुधा नाही म्हणत नाही. स्वच्छतागृह कुठे आहे हेही पाहावे, कारण त्या धास्तीने पाणी कमी पिणारे, किंवा बाहेर जाणेच सोडणारे अनेक असतात आणि संकोचामुळे ते घरात बोलत नाहीत.

घरात न्हाणीघरात पकडायला दांडी, जिन्याला कठडा आणि रात्रीचा दिवा हवा. उंबऱ्याशी उतरण करायची असल्यास एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी.

कागदपत्रांचे काम थोडे आहे. एसटीत 65 ते 75 वयाला निम्मे भाडे आणि 75 नंतर मोफत प्रवास आहे; सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्र सरकारच्या आयुष्मान वयवंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात; ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी 14567 आहे.

पावसाळा लागला की हीच फेरी पुन्हा मारावी, कारण उन्हाळ्यात निर्धोक वाटलेल्या पायरीवर जुलैत शेवाळ धरलेले असते.