गावच्या ऑफिसात नेटवर्क स्विच बसवताय? या चुका टाळा

विदर्भातल्या सेवा सोसायटीत, पतसंस्थेत किंवा ग्रामपंचायतीत नेट बंद पडायला सगळ्यात वाईट काळ म्हणजे मे-जून. खरिपाचं पीककर्ज तेव्हाच, दाखल्यांची गर्दी तेव्हाच. आणि ४५ अंशांचं ऊन, वादळवारं, विजा, लाईनचे झटके हेही तेव्हाच. नेटवर्क स्विच म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर आणि मशीन लॅन केबलने एकमेकांना आणि नेटला जोडणारा डबा. आठ पोर्टचा, म्हणजे केबल लावायच्या आठ खाचांचा, साधा स्विच हजार-दोन हजारांत मिळतो, म्हणून तो कुणीही कुठंही खोचून देतो. पण त्याच्यावर चार कॉम्प्युटर, पासबुक प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन चालतं, अन् दारात शेतकरी उभे असतात. बसवतानाच अर्धा दिवस जास्त द्या, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तीन पिनचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समजणं

इथूनच सुरुवात करा, कारण बाकीची सगळी सुरक्षा यावर उभी आहे. जुन्या इमारतींत सॉकेट तीन पिनचा असतो, पण अर्थची तार मागे जोडलेलीच नसते. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ नाही किंवा कमजोर आहे, हे जवळपास नक्की समजा. परवानाधारक वायरमनकडून मल्टीमीटरने मोजून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच दिसायला हवेत. तिथं दहा-वीस व्होल्ट दिसले तर स्विच बसवायचं काम थांबवा आणि आधी वायरिंग बघा.

आपल्या काळ्या मातीत एक गोष्ट विसरू नका. पावसाळ्यात चांगली चालणारी अर्थिंग उन्हाळ्यात जमीन भेगाळली की कमजोर पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहा. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे झटक्यापासून वाचवणारी सॉकेटची पट्टी, जास्तीचा झटका अर्थमध्येच सोडतो, त्यामुळे अर्थ नसेल तर त्या महागड्या पट्टीवर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरा धोका डीपीवर न्यूट्रल सुटण्याचा. तसं झालं की काही घरांत दिवे मंद होतात आणि काही ठिकाणी २३० ऐवजी ३०० व्होल्टच्याही वर दाब चढतो, तोही मिनिटंच्या मिनिटं. क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर इथं टिकत नाही. त्यासाठी दाब वाढताच लाईन तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मेन बोर्डात बसवून घ्या. माझ्या मते स्विचच्या ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा हा खर्च आधी करावा.

यूपीएस किंवा इन्व्हर्टरची चूक साधी आहे, पण फार ठिकाणी दिसते: कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, आणि स्विच व फायबरचा डबा (बाहेरून नेट आणणारी फायबर जिथं जोडतात तो) साध्या लाईनवर. लाईन गेली की स्क्रीन चालू, नेट बंद. छोटा स्विच जेमतेम पाच-दहा वॅट खातो. तो आणि फायबरचा डबा दोन्ही बॅकअपवर घ्या.

अ‍ॅडॉप्टरची अदलाबदल

पिन सारखी बसते म्हणून कुठलाही अ‍ॅडॉप्टर लावू नका. बरेच छोटे स्विच ५ किंवा ९ व्होल्टवर चालतात, फायबरचा डबा बहुतेक १२ वर. व्होल्ट आणि पिनची प्लस-मायनस दिशा तंतोतंत जुळली पाहिजे. अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात. प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर आजच चिकटपट्टी लावून नाव लिहा.

दोन इमारतींमध्ये उघडी लॅन केबल

ऑफिसातून गोदामात किंवा आवारापलीकडच्या वजनकाट्यावर कडुनिंबाच्या फांदीवरून नेलेली तांब्याची लॅन केबल म्हणजे विजेला दिलेली वाट. वीज थेट केबलवर पडायची गरज नसते. जवळपास पडली तरी लांब तारेत दाब तयार होतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरकही याच तारेतून वाहायला बघतो.

इथं फायबर टाका. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला लॅन केबलशी जोडणारा छोटा डबा, लावला की काम होतं, आणि तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादाही आड येत नाही. मात्र घरोघरी टाकतात त्या काळ्या फायबर केबलला आधारासाठी पोलादी तार असते. ती बाहेरच कापून हुकाला अडकवा, मशीनपर्यंत आत आणू नका.

ढग भरून यायला लागले की विजेचा प्लग काढताच, पण बाहेरून येणारी लॅन केबलही काढा. हे गडगडाट सुरू व्हायच्या आधी करा. विजा कडाडत असताना तारांना हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देतं, ते ऑफिसातल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या.

कपाटावर, टिनाखाली, कुलरसमोर

साध्या ऑफिस स्विचवर बहुधा ० ते ४० अंश ही मर्यादा दिलेली असते. टिनाच्या छताखाली कपाटाच्या माथ्यावर मे महिन्यात दुपारी ती सहज ओलांडते. आतल्या भिंतीवर, टेबलाच्या उंचीला, चारही बाजूंनी हवा खेळेल असा बसवा. थंड राहील म्हणून कुलरच्या झोतात ठेवणं ही उलटी चूक आहे, त्या ओल्या हवेनं पोर्टच्या पिना गंजतात. जिनिंगच्या ऑफिसात कापसाचा तंतू जाळ्यांत अडकतो, तिथं हंगामात अधूनमधून स्विच बंद करून कोरड्या ब्रशने झाडा.

सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि नेट ठप्प

हे दिसलं की स्विच जळला असं लगेच ठरवू नका. बहुधा लूप झालेला असतो: एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये, किंवा दोन स्विच दोन केबलींनी जोडलेले. साधा स्विच हे ओळखत नाही. सगळ्यांना उद्देशून निघालेला संदेश त्या वर्तुळात फिरतच राहतो, त्याला थांबवणारं काही नसतं, आणि खऱ्या कामाला जागा उरत नाही. सगळ्या केबली काढा, एकेक परत लावा. जी लावताच दिवे पिसाळतात तीच दोषी. झाडलोट करताना लोंबतं टोक कुणीतरी चांगल्या मनानं रिकाम्या पोर्टात खोचतं, म्हणून मोकळी टोकं ठेवूच नका.

याचाच भाऊ म्हणजे जुना वायफाय राउटर स्विचसारखा वापरणं. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे कॉम्प्युटरांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय, चालू राहिलं तर दोन-दोन राउटर पत्ते वाटू लागतात. मग काही कॉम्प्युटरला नेट मिळतं, काहींना नाही, आणि रोज वेगळ्याला. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून गेटवे, म्हणजे कॉम्प्युटर ज्या राउटरमधून नेटवर जातो त्याचा पत्ता, बघा. एकाला १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.०.१ दिसत असेल तर जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला पत्ता मिळालेलाच नाही. आधी केबल तपासा.

केबल आणि कॅमेऱ्याचा पोर्ट

स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा फक्त मुलामा असतो. शुद्ध तांब्याचीच मागा. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा. गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच असून कॉम्प्युटर १०० चाच वेग दाखवत असेल, तर आठपैकी एखादी तार क्रिंपिंगमध्ये (टोकाला पिन दाबून बसवताना) सुटलेली असण्याची शक्यता मोठी. लॅन केबल विजेच्या तारेबरोबर एकाच पट्टीत घालू नका.

कॅमेऱ्यासाठी पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणारा) स्विच घेताना प्रमाणित ८०२.३एएफ किंवा एटी लिहिलेलाच घ्या. तो समोरच्या उपकरणाला ओळखूनच वीज सोडतो. न विचारता सतत वीज सोडणारा साधा पीओई अ‍ॅडॉप्टर स्विचच्या किंवा कॉम्प्युटरच्या पोर्टला लागला तर पोर्ट जाऊ शकतो.

सगळं झाल्यावर वायरमन गाडीवर बसायच्या आधी त्याच्यासमोर मेन स्विच पाडा. लाईन नसताना कॉम्प्युटरवरून पासबुक प्रिंट होतं का आणि पोर्टलवर लॉगिन होतं का, हे दहा मिनिटं चालवून बघा, आणि मगच पैसे द्या.