डॉलरची नाणी जमवायचीत? मग इथून सुरू करा

आपल्या लातूर-नांदेडात बसून पण डॉलरची नाणी जमवता येतेत बरं का. आधी 2007 ला सुरू झालेली प्रेसिडेन्शियल सीरिज धरा, म्हंजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची चित्रं असलेली एक डॉलरची नाणी, 2016 पर्यंत 39 आन् 2020 ला थोरल्या बुशचं एक, झाले 40. साल आन् टांकसाळीचं अक्षर नाण्याच्या कडेवर असतंय, पी म्हंजे फिलाडेल्फिया, डी म्हंजे डेन्व्हर, म्हणून विकत घेताना कडेचा फोटो मागाच. सोनेरी दिसतंय पण वरचा थर मँगनीज ब्रासचाय, म्हंजे मँगनीज मिसळलेल्या पितळेचा, मी पहिलं नाणं लिंबानं घासलं आन् सगळी झळाळी गेली, अजून जीव हळहळतो, तुम्ही कधीच घासू नका. अल्बम पीव्हीसी प्लास्टिकचा नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवट चिकटा धरतोय.