इंग्रजीतल्या एकाच शब्दाचे दहा अर्थ, ओळखायचे कसे?

'चार्ज', 'रन' असले शब्द बघून ज्यांचं डोकं गरगरतं त्यांनी आधी आपला 'लागणे' आठवा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, घाटात एखाद्याला गाडी लागते आणि स्टँडवर गाडी फलाटाला लागते, याची यादी आपण कधी पाठ केली का, नाही ना, शेजारचा शब्द बघून आपोआप कळतं. इंग्रजीतपण तेच करायचं.

माझ्या मावशीचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं "डिस्चार्ज आहे का काही?" आणि ती म्हणाली "हो, उद्या आहे". डॉक्टर विचारत होते टाक्यांतून पाणी, पू येतोय का. त्यांनी लगेच पट्टी सोडून बघितलं म्हणून बरं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, कोण बोलतंय आणि कुठे ते आधी बघा, आणि दवाखान्यात, बँकेत जरा जरी शंका आली तरी न लाजता मराठीत विचारून घ्या. मुलाच्या प्रगतीपुस्तकात 'आउटस्टँडिंग' असेल तर पेढे वाटा, पण क्रेडिट कार्डाच्या बिलावर तोच शब्द असेल तर तेवढे पैसे भरायचे बाकी आहेत.

दुसरं म्हणजे शब्दाच्या मुळाशी असलेलं चित्र शोधायचं, मला तर याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. 'चार्ज'चा जुना अर्थ गाडीवर ओझं लादणे. आता बघा, बॅटरीत वीज भरली तो चार्ज, तुमच्यावर पैसे लादले तो सर्व्हिस चार्ज, जबाबदारी अंगावर टाकली की तुम्ही इनचार्ज, आरोप ठेवला की चार्जशीट, सगळे एका माळेत बसतात. लाठीचार्ज तेवढा यात नीट बसत नाही, तो वेगळा लक्षात ठेवा. 'फाईन'पण तसाच, छान आणि दंड हे दोन्ही अर्थ लॅटिनमधल्या 'फिनिस' म्हणजे शेवट या शब्दातून आलेत, प्रकरण संपवायला भरलेले पैसे म्हणजे दंड आणि शेवटपर्यंत नीट पूर्ण केलेलं काम म्हणजे फाईन.

'रन'चं मात्र चित्र शोधत बसू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ नोंदवलेत, आपल्याला रोजच्याला आठ-दहा पुरतात. वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, जोडी लिहायची: 'रन अ शॉप' दुकान चालवणे, 'रन आउट ऑफ शुगर' साखर संपणे, 'रन इन्टू' अचानक गाठ पडणे. डिक्शनरीत पहिला अर्थ वाचून थांबायचं नाही, खालचं उदाहरणाचं वाक्य आपल्या वाक्याशी जुळतंय का बघायचं.

आणि काही शब्द तर चक्क उलटे फिरतात. लोन 'सँक्शन' झालं म्हणजे मंजूर झालं, पण बातम्यांत 'सँक्शन्स ऑन' आणि पुढे एखाद्या देशाचं नाव आलं तर ते निर्बंध, तिथे तो छोटासा 'ऑन' सोडू नका.