एसएटी न देता अमेरिकेत अर्ज करताय? अकरावी मनावर घ्या

मी एसएटीचे, म्हणजे तिथल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेचे, गुण न पाठवता अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज केले आणि प्रवेश मिळाला. तेव्हापासून नाशिकची धाकटी मंडळी विचारतात, "दादा, एक परीक्षा वाचली ना?" वाचली खरी. पण मग सगळा भार मार्कशीट, निबंध आणि शिफारसपत्रांवर येतो, आणि राज्य मंडळाच्या मुलांचं घोडं तिथंच पेंड खातं.

आधी कॉलेजांची यादी तपासा. बोडन कॉलेजात १९६९पासून ही परीक्षा ऐच्छिक आहे, शिकागो विद्यापीठात २०१८पासून. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, म्हणजे बर्कली वगैरे, प्रवेश ठरवताना गुण बघतच नाहीत. एमआयटीने मात्र २०२२मध्ये सक्ती परत आणली. डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४मध्ये तेच जाहीर केलं. त्यामुळे सीनियरने सांगितलं म्हणून धरून चालू नका, त्या वर्षीचा नियम कॉलेजच्याच साइटवर वाचा.

आता अकरावी. दहावीचा शिणवटा काढायचा नाहीतर जेईईच्या क्लासला जुंपून घ्यायचं, कॉलेजची परीक्षा कशीबशी उरकायची, ही आपली रीत. पण बहुतेक अर्जांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि बारावीचा निकाल लागतो मेमध्ये. म्हणजे तिथल्या लोकांच्या हाती पडणारा शेवटचा पूर्ण निकाल अकरावीचा. बारावीचे फक्त अंदाजे गुण, तेही कॉलेजने लिहून दिलेले. इंटिग्रेटेडवाल्यांची, म्हणजे कॉलेजात नाव घालून दिवसभर क्लासलाच बसणाऱ्यांची, पंचाईत आणखी मोठी: हजेरी कागदावर, शिक्षक ओळखतही नाहीत, मग पत्र कोण देणार?

अर्जात कौन्सेलरचा, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या माणसाचाही फॉर्म असतो. आमच्याकडे कौन्सेलर नव्हताच, म्हणून तो उपप्राचार्य बाईंनी भरला. त्यांचा पहिला मसुदा थेट दाखल्याच्या भाषेत: "सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे." बाई केमिस्ट्री शिकवायच्या. मी काय काय केलं ते एका पानावर लिहून त्यांना दिलं, आणि त्यांनाच एक प्रॅक्टिकल आठवलं. रीडिंग जुळत नव्हतं, शेजारची वही उघडी होती, तरी मी टायट्रेशन पुन्हा करत बसलो होतो आणि लॅबचे मामा कुलूप घेऊन दारात उभे होते. पत्रात तेच आलं. पत्र शिक्षकांनीच लिहायचं, आपण फक्त आठवण करून द्यायची.

कॉलेजची माहिती देणारं एक पानही बाईंकडून करून घेतलं: मंडळ कोणतं, कुठले विषय मिळतात, वर्गात सर्वाधिक गुण किती पडतात. एचएससीचे ८२ टक्के म्हणजे नेमके किती भारी, हे परदेशात बसलेल्या माणसाला कसं कळणार?

एसएटी दिलीच असेल तर गुण पाठवायचे की नाही? प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांच्या गुणांची जी रेंज कॉलेज छापतं ती गुण पाठवणाऱ्यांचीच असते, म्हणून ती फुगलेली दिसते. तिच्या खालच्या टोकाच्या आसपास असाल तरी मी म्हणेन, पाठवा.

आणि टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगोची फी बाजूला काढून ठेवा. एसएटी ऐच्छिक असली तरी इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी मागतातच.