दिनविशेष लिहिताना या चुका टाळा: तारखांतला फरक आधी मोजा

शाळेच्या फलकावर, ग्रंथालयाच्या दाराशी किंवा सकाळच्या व्हॉट्सअॅप संदेशात दोन ओळींचा दिनविशेष लिहिणे सोपे वाटते. अडचण येते ती एकाच घटनेच्या दोन तारखा समोर आल्यावर. अशा वेळी बहुतेक जण जी तारीख जास्त ठिकाणी दिसते ती उचलतात आणि दुसरी चुकीची ठरवून मोकळे होतात. ही सर्वांत मोठी चूक आहे. दोन तारखांत नेमका किती फरक आहे हे मोजले, तर पुष्कळदा त्या फरकातूनच कारण कळते आणि अनेक वेळा दोन्ही तारखा बरोबर निघतात.

दहा-अकरा दिवसांचा फरक

हा फरक दोन कालगणनांचा असतो. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये जुन्या जुलियन गणनेत सुधारणा केली, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगालने ही नवी गणना लगेच स्वीकारली, इंग्लंडने मात्र सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनीच चालवली. त्यामुळे सतराव्या शतकातील गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतली तारीख आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या पत्रांवरची तारीख यांत दहा दिवसांचे, तर १७०० नंतरच्या कागदांत अकरा दिवसांचे अंतर पडते. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या वेळी १७३९ मध्ये पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली ती ५ मे रोजी असे एकीकडे वाचायला मिळते, तर दुसरीकडे १६ मे रोजी असे. दिवस एकच आहे.

शिवकालाच्या बाबतीत मराठी इतिहासलेखनात जुलियन तारखा रूढ आहेत. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख नव्या गणनेने १ मार्च होते आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही १६ जून होते. येथे रूढ तारीख बदलण्याच्या भरीस पडू नये. शासनाने आणि समाजाने स्वीकारलेली तारीखच लिहावी. मात्र वार लिहायचा असेल, तर सावध राहावे. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींच्या जुन्या यादीत, शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. संगणकावरची दिनदर्शिका मागच्या काळालाही नवीच गणना लावते, म्हणून तिच्यात १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार दिसतो आणि पाहणाऱ्याला शकावलीच चुकली असे वाटते. त्याच दिनदर्शिकेत १ मार्च पाहिला, की शुक्रवार नेमका सापडतो. तिथी, वार आणि तारीख या तिन्ही गोष्टी अशा जुळल्या, की त्या नोंदीवर भरवसा ठेवायला हरकत नसते, आणि ही पडताळणी करण्यात मला आजही मोठे समाधान वाटते.

याच जन्मतारखेबाबत १६२७ हे सालही जुन्या पुस्तकांत दिसते. तो फरक मात्र गणनेचा नसून साधनांचा आहे; तेथे बेरीज-वजाबाकी उपयोगी पडत नाही, कोणते साधन विश्वसनीय हेच ठरवावे लागते.

एक वर्ष किंवा एक महिना

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सूत्र आपण शाळेत पाठ करतो. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या घटनांना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली. सरसकट ७८ मिळवणाऱ्याकडे ती १७६० मध्ये जाऊन बसते. इंग्रजी कागदांतही असाच सापळा आहे, कारण १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर नववर्ष २५ मार्चला सुरू होई. सिंहगड मावळ्यांनी घेतला तो फेब्रुवारी १६७० मध्ये. त्या महिन्यातल्या इंग्रजी पत्रावर मात्र १६६९ हे साल असू शकते.

फरक तिथीतल्या महिन्याचा असेल, तर मजकूर हिंदीतून आला आहे का ते पाहावे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र कृष्ण तृतीया होते. हिंदी मजकुरातला ‘चैत्र’ तसाच उचलला, की मराठी वाचकाच्या दृष्टीने घटना महिनाभर पुढे सरकते.

एका दिवसाचा फरक

पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, तर इंग्रजी तारीख मध्यरात्री. राज्याभिषेकाच्या वेळी महाराज सिंहासनावर बसले ते तीन घटिका रात्र उरली असताना, म्हणजे सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधी. पंचांगाने तो अजून शुक्रवार होता, तारखेने मात्र शनिवार लागला होता. अलीकडच्या काळातही मध्यरात्र गोंधळ घालते. लोकमान्य टिळकांचे निधन ३१ जुलैची रात्र उलटून गेल्यावर झाले, म्हणून पुण्यतिथी १ ऑगस्टची. त्याच १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला, हेही त्या दिवशी फलकावर आवर्जून लिहावे.

काही स्मरणदिन तिथी आणि तारीख अशा दोन्हींनी पाळले जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तो दिवस १४ ऑक्टोबर १९५६, आणि त्याच दिवशी विजयादशमी होती. त्यामुळे दसऱ्याला दीक्षाभूमीवर जमणारा समुदाय आणि १४ ऑक्टोबरला वंदन करणारे अनुयायी, दोघेही योग्यच आहेत.

तारीख बरोबर, मजकूर चुकीचा

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन आहे. राजभाषा दिन १ मे रोजी असतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण घटक राज्य झाला ३० मे १९८७ रोजी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ही ‘भारतातील पहिली रेल्वे’ असे लिहू नये. मालवाहतुकीसाठी रूळ त्याआधीच मद्रासकडे पडले होते, तेव्हा ‘पहिली प्रवासी रेल्वे’ असे लिहावे.

या प्रकारातली सर्वांत रुजलेली चूक पानिपतची आहे. १४ जानेवारी १७६१, म्हणजे संक्रांतीचा दिवस, असे आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. परंतु मकरसंक्रांत सूर्याच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, गतीवर ठरते आणि इंग्रजी तारखेच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. त्याच्या शंभर वर्षे आधीची संक्रांत १२ तारखेच्याही आधी येते, म्हणजे लढाईच्या दिवशी ती होऊन गेलेली होती. त्या रणात जे पडले त्यांच्या आठवणीसाठी पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१ एवढी नोंद पुरेशी आहे.