लोप पद्धत: उत्तर पूर्णांकात आलं म्हणजे बरोबर आलं असं नाही

दहावीच्या वह्या तपासताना एक गोष्ट मला दरवर्षी दिसते. एकसामयिक समीकरणांची (त्याच किमतींनी एकदम खरी ठरणाऱ्या समीकरणांच्या जोडीची) आणि लोप पद्धतीची (एक चल घालवून दुसऱ्याची किंमत काढण्याची) कल्पना मुलांना नीट समजलेली असते, पण गुण जातात ते वजाबाकीत. हे उदाहरण पाहा. सोयीसाठी चलं क्ष आणि य घेतली आहेत.

३क्ष + २य = १२ …(१)
३क्ष − ४य = −६ …(२)

क्षचे सहगुणक (चलाआधीचे अंक) सारखे आहेत, म्हणून (१) मधून (२) वजा करायचं. इथे बरीच मुलं पहिल्या पदाचं चिन्ह बदलतात आणि पुढची पदं तशीच ठेवतात. मग २य − ४य = −२य, १२ − ६ = ६ आणि य = −३. ही किंमत (१) मध्ये ठेवली की क्ष = ६ मिळतं. दोन्ही किमती पूर्णांकात, त्यामुळे शंकाही येत नाही. पुढे हीच मुलं ताळा करतात (किमती समीकरणात ठेवून पडताळतात) तोही (१) मध्येच: १८ − ६ = १२. जुळला!

जुळणारच, कारण क्ष त्याच समीकरणातून काढला आहे. तो ताळा काहीच सिद्ध करत नाही. (२) मध्ये ठेवून पाहा: १८ + १२ = ३०, आणि हवं होतं −६. म्हणून क्ष ज्या समीकरणातून काढला, ते सोडून दुसऱ्यात ताळा करा, तोही मूळ समीकरणात. माझं ऐकाल तर वजाबाकी करूच नका. (२) ला −१ ने गुणा, −३क्ष + ४य = ६ असं स्वच्छ लिहा आणि बेरीज करा. ६य = १८, य = ३, क्ष = २. एक ओळ वाढते, पण चिन्हांचा घोळ संपतो.

दुसरी चूक गुणताना होते. क्ष + २य = ८ ला ३ ने गुणून ३क्ष + ६य = ८ लिहिलं जातं, उजवी बाजू २४ करायची राहून जाते. जोडीला ३क्ष − य = ३ असेल, तर य = ३ ऐवजी ५/७ येतो. मात्र अपूर्णांक दिसला की लगेच खाडाखोड करू नका. खरं उत्तरही अपूर्णांकात असू शकतं, ते ताळाच सांगेल.

२क्ष = ३य + १ असं समीकरण आलं, तर आधी २क्ष − ३य = १ असं मांडा. क्षखाली क्ष, यखाली य.

३७क्ष + ६३य = १३७ आणि ६३क्ष + ३७य = १६३ अशी जोडी दिसली की मुलं ३७ आणि ६३ ने गुणत बसतात. सहगुणकांची अदलाबदल झालेली आहे ना? मग नुसती बेरीज करा: १००क्ष + १००य = ३००, म्हणजे क्ष + य = ३. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की २६क्ष − २६य = २६, म्हणजे क्ष − य = १. क्ष = २, य = १. मला हे उदाहरण फार आवडतं.

कधी दोन्ही चलं एकदमच जातात. २क्ष + ३य = ५ आणि ४क्ष + ६य = १० मध्ये पहिलं २ ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की उरतं ० = ०. याचा अर्थ 'उत्तर शून्य' असा नाही. आलेखावर दोन्ही समीकरणांची रेषा एकच आहे आणि उकली (उत्तराच्या जोड्या) अनंत आहेत. १० च्या जागी ११ असते तर ० = १ आलं असतं: रेषा समांतर, उकल नाही. ही ओळ खोडू नका, तिच्याखाली तिचा अर्थ लिहा.