लायपेजने तेलातली फॅट बदलायची कशी (आणि एन्झाइम टिकवायचं कसं)

पातळ तेल घट्ट करायला आधी सर्रास अर्धवट हायड्रोजनेशन (तेलाला हायड्रोजन जोडणं) करायचे, त्यात ट्रान्स फॅट तयार होतात. लायपेज या एन्झाइमचं काम वेगळं आहे, फॅटी ॲसिड तीच राहतात फक्त ग्लिसरॉलवरच्या (म्हणजे फॅटच्या रेणूचा कणा, त्यावर फॅटी ॲसिडसाठी तीन जागा असतात) त्यांच्या जागा बदलतात, आणि तेवढ्यानेच फॅट किती तापमानाला वितळणार ते बदलतं.

लॅबमध्ये करायचं तर 60 ग्रॅम पाम स्टिअरिन (पाम तेलाचा घट्ट भाग) आणि 40 ग्रॅम सोयाबीन तेल घ्या. दोन्ही रिफाइंडच पाहिजे, हे मी जोर देऊन सांगतोय कारण लोक एन्झाइमवर भरपूर खर्च करतात आणि तेल मात्र जुनं वापरतात. पेरॉक्साइड, साबणाचा अंश, उरलेलं ॲसिड, गम हे सगळं एन्झाइमला मारतं. पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खवट व्हायला लागलंय त्याचं माप) 2 च्या खाली असेल तर उत्तम.

मिश्रण 90 डिग्रीला व्हॅक्यूमखाली सुकवा, मग 70 ला आणून 5 ग्रॅम इम्मोबिलाइज्ड लायपेज टाका, म्हणजे दाण्यांवर बसवलेलं, थर्मोमायसिस लॅनुजिनोसस बुरशीचं सहज मिळतं. मॅग्नेटिक स्टरर नको! खाली फिरणारा मॅग्नेट सिलिकाचे दाणे भरडतो, त्याची पूड होते आणि नंतर फिल्टर चोंदतो. वरून पात्याने हळू ढवळा, वर नायट्रोजन ठेवा.

पाणी हा सगळ्यात नाजूक मुद्दा. जास्त झालं की लायपेज जागा बदलायचं सोडून फॅट तोडायला लागतं आणि फ्री फॅटी ॲसिड वाढतात, पण एन्झाइम अगदी कोरडं ठाक केलं तरी ते मंदावतं. नव्या एन्झाइममध्ये स्वतःचं पाणी असतं म्हणून पहिली बॅच आंबट निघते, ती बाजूला काढा आणि तेच दाणे पुढच्या बॅचला वापरा, खरा रिझल्ट तिथून दिसतो.

दर तासाला सॅम्पल काढा आणि लगेच गरम असतानाच गाळा, दाणे राहिले तर रिॲक्शन नळीतसुद्धा चालूच राहते. कॅपिलरीत (बारीक काचेच्या नळीत) भरून, गार करून मेल्टिंग पॉइंट बघा, तो उतरत जातो आणि मग एका जागी थांबतो. थांबला की बास. हे लायपेज मुख्यतः ग्लिसरॉलवरच्या 1 आणि 3 नंबरच्या, म्हणजे दोन टोकांच्या जागांवरच काम करतं, उगाच ताणलं तर मधल्या जागेवरची ॲसिडही सरकायला लागतात. खाण्यासाठी बनवत असाल तर गाळल्यावर डिओडोरायझेशन (व्हॅक्यूमखाली गरम वाफेने वास काढणं) करावंच लागतं.